पाणी घालू नये

आमचं वेगळं राज्य झालं आणि माझी गाडी उकळायला लागली. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं माझा नवरा आजही म्हणतो. तो रेल्वेत होता, त्यामुळे कुठलीही गाडी थांबली की त्यामागे काहीतरी तांत्रिक कारण असणार, यावर त्याचा विश्वास आहे. माझं कारण साधं आहे. माझ्या गाडीच्या रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात असलं की पंखा जोरात, इंजिन मंद झालं की पंखाही मंद. गाडी चालत राहिली तर समोरून वारा लागायचा आणि ती गुणी मुलीसारखी वागायची. उभी राहिली की तापायची. जुन्या रायपुरात उभं राहायचं कारणच नव्हतं. रस्त्यात गाय बसली असेल तर तिला वळसा घालून जाता यायचं. राजधानी झाल्यावर मात्र चौकाचौकात शिटी वाजायला लागली. शिपाई दोन्ही हात पसरून उभा राहायचा आणि लाल दिव्यांचा काफिला पार होईपर्यंत आम्ही सगळे मे महिन्याच्या उन्हात लोकशाही बघत बसायचो. काफिल्याला वळसा घालता येत नाही.

त्या वर्षांत गावातली प्रत्येक पाटी बदलली. पिठाची गिरणी राजधानी पिठाची गिरणी झाली, केस कापणारा राजधानी केस कापणारा झाला. चौकातल्या कमानींवर हात जोडलेले लोक हसू लागले आणि त्यांच्या डोक्याएवढ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी आमचं स्वागत केलं. आम्ही इथे कितीतरी पिढ्यांपासून राहतोय. माझं माहेर भोसल्यांच्या फौजेबरोबर आलं आणि परत जायचं विसरलं, असं आमच्याकडे सांगतात. ज्यांचं सामान अजून खोक्यांतून निघालं नव्हतं, अशा लोकांनी आमचं स्वागत करावं, याची मला गंमत वाटायची.

गाडी माझी होती, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. घरची नव्हे, माझी. मलईच्या रंगाची, गोल नाकाची, गियरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. मी सरकारी कॉलेजात ग्रंथपाल होते. आमचं घर तात्यापाऱ्यात आणि कॉलेज गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी रोज सकाळी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून जायची, आणि त्या कुणाच्या तरी सोयीनं परत यायची. मग ही गाडी जुन्यातली मिळाली. मी चालवायला शिकले आणि त्या दिवसापासून "मला सोडता का?" हे वाक्य मी कुणालाही म्हटलेलं नाही. एवढंच त्या गाडीचं मोल होतं. बाकी तिची दारं पावसाळ्यात फुगायची आणि आरसा फक्त आकाश दाखवायचा.

पहिल्यांदा ती उकळली ते कॉलेजातून परत येताना, बूढापाऱ्याच्या तोंडाशी. काफिला यायचा होता आणि येत नव्हता. बोनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि एका मिनिटात चारही बाजूंनी माणसं पाणी घेऊन धावली. पानवाला बादली घेऊन, चष्म्याच्या दुकानातला माणूस बाटली घेऊन, एक आजी तर तांब्या घेऊन. आमच्या गावाची ही जुनी रीत आहे. तहानलेल्या माणसाला पाणी विचारावं, तसं तहानलेल्या गाडीलाही विचारतात. कुणी कुणाची गाडी आहे ते बघत नाही. शिपाई तेवढा ओरडत होता, "मैडम, साइड में लो, साहब आ रहे हैं!"

"तुमच्या साहेबांमुळेच उकळलीय," मी म्हटलं. त्याला मराठी कळलं की नाही, माहीत नाही. पण त्यानं पुन्हा साइड म्हटलं नाही.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत ती इतक्यांदा उकळली, की पानवाला माझी वेळ झाली की बादली भरून ठेवायला लागला. नवऱ्याला ते कळलं.

"तुले किती डाव सांगितलं, ही गाडी आता कंडम झाली," तो म्हणाला. "लोकं हसून राहिले."

"हसू द्या. त्यांच्या हसण्यानं काही ती तापत नाही."

"काहून हट्ट करून राहिली बाप्पा? विकून टाक. मी सोडत जाईन ना तुले कॉलेजात. आता मले काय काम आहे?"

तो नुकताच निवृत्त झाला होता आणि बोलणं अगदी मनापासून होतं. मला घाम फुटला. हे प्रेम होतं, आणि त्याच्या स्कूटरची मागची सीट मला त्यातून स्पष्ट दिसत होती. म्हणून मी घाईत एक मूर्खपणा केला. म्हटलं, "अजून एकदा रस्त्यात उकळली तर कबाडीवाल्याला मी स्वतः किल्ली देईन."

"शब्द?"

"शब्द."

त्यानं लगेच जेवायला घेतलं. त्याच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. आता फक्त पुढच्या काफिल्याची वाट बघायची होती.

ग्रंथालयात मोटारींवरचं एक इंग्रजी मासिक यायचं. ते का यायचं, कुणी वर्गणी भरली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सोडून ते कुणी उघडतही नसे. त्यात जुन्या गाड्या जपणाऱ्या लोकांच्या पत्रव्यवहारात मला बिनपाण्याच्या कूलंटबद्दल वाचायला मिळालं. रेडिएटरमध्ये पाणी नाहीच. एक थेंबही नाही. त्याऐवजी एक दाटसर द्रव, जो पाण्याच्या कितीतरी पुढे, एकशे ऐंशी अंशांच्या आसपास उकळतो. उकळत नाही म्हणून वाफ नाही, वाफ नाही म्हणून दाब नाही, पाणी नाही म्हणून आत गंजही नाही.

मी सहजासहजी भुलणारी बाई नाही, त्यामुळे उलट बाजूची पत्रंही वाचली. एकानं स्वच्छ लिहिलं होतं, की हा द्रव उष्णता पाण्याइतकी वाहून नेत नाही. इंजिन थंड होत नाही, उलट थोडं जास्तच गरम चालतं. ज्याचा रेडिएटर तुंबलाय किंवा पंप गेलाय, त्यानं आधी ते दुरुस्त करावं, डब्यातल्या औषधाच्या मागे लागू नये. शिवाय वाटेत गळालं तर वरून पाणी घालून वेळ मारून नेता येत नाही. पाणी मिसळलं की सगळा खेळ संपला. हे वाचून माझा विश्वास बसला. जी वस्तू आपले दोष आधी सांगते ती मला आवडते. आमच्या कमानींवरच्या मंडळींकडून तसं ऐकायची सवय सुटली होती.

नागपुरात एक दुकानदार ते मागवून देत होता. बसच्या पार्सलनं दोन डबे आले: एक आतलं उरलंसुरलं पाणी शोषून काढणाऱ्या द्रवाचा, दुसरा खऱ्या कूलंटचा. ते घेऊन मी बूढापाऱ्यातल्या माझ्या मिस्त्रीकडे गेले. हा माणूस माझ्या गाडीला माझ्याहून आधीपासून ओळखत होता.

"दीदी," तो डबा उलटासुलटा करत म्हणाला, "बिना पानी के गाडी?"

"हो."

"बिना पानी के तो आदमी नहीं चलता."

"आदमी उकळतो पण," मी म्हटलं. "आधी रेडिएटर साफ करवून घ्या, पंप बघा. मग आतलं सगळं पाणी काढायचं. सगळं म्हणजे सगळं."

त्यानं रेडिएटर काढून आतून धुवून घेतला, पंपाचं वॉशर बदललं. मग खालचा नळ उघडला, इंजिनाच्या पोटातला तो कुणी कधी न उघडलेला प्लगही उघडला आणि कॉम्प्रेसरची हवा मारत राहिला. काळंतांबडं पाणी, मग थेंब, मग नुसता फवारा. मी समोर स्टुलावर बसून होते. दर थोड्या वेळानं तो म्हणायचा, "हो गया, दीदी," आणि मी म्हणायची, "अजून." शेवटी त्यानं एक कोरा कागद पाइपच्या तोंडाशी धरला, हवा मारली आणि कागद मला दाखवला. कोरडा होता. "अब तो मानोगी?" मानलं. पहिला द्रव घालून इंजिन चालवलं, तोही काढला, आणि मग दुसरा डबा ओतला.

गाडी चांगली तापल्यावर मी त्याला रेडिएटरची टोपी उघडायला सांगितली. गरम रेडिएटर उघडल्यावर तोंडावर काय येतं हे त्याला माहीत होतं. त्याच्या उजव्या हातावर त्याची खूण होती. तो मागे सरकला. म्हणून फडकं घेऊन मीच उघडली. फुस्स नाही, वाफ नाही. आत द्रव स्वस्थ पडून होता. मिस्त्री वाकून बराच वेळ बघत राहिला. "हव दीदी," तो हळूच म्हणाला, "ये तो गुस्साच नहीं करता."

आता धोका एकच होता: गावाची माया. कुणीतरी कधीतरी बोनेट उघडणार आणि दयेनं पाणी ओतणार. म्हणून मी टोपीला तारेनं एक पाटी बांधली. ग्रंथालयाच्या पुस्तकांवर मी ज्या अक्षरात आकडे घालायची त्याच अक्षरात, पक्क्या शाईनं लिहिलं: पाणी घालू नये.

"हिंदीत लिही," नवरा म्हणाला. "इथं मराठी कोण वाचते?"

"काहून? आम्ही नाही का आयुष्यभर त्यांच्या पाट्या वाचल्या? एक त्यांनीही वाचावी."

"अवो, ही सूचना आहे. आंदोलन नाही."

मी ऐकलं नाही. त्या वेळी मला माझं म्हणणं फार बाणेदार वाटलं होतं, हे कबूल करते.

त्या उन्हाळ्यात मी गाडी मुद्दाम नव्या राजधानीकडे नेली. गावापासून दूर माळावर ती बांधत होते. विमान उतरेल एवढे रुंद रस्ते, दोन्ही कडेला काठीएवढी झाडं, आणि माणूस नाही. अशा रस्त्यावरही काफिल्यासाठी मला थांबवलं. रिकाम्या रस्त्यावर मी एकटीच, माझ्यासमोर एक शिपाई. काटा चढत गेला. नेहमी जिथे वाफ यायची ती रेघ त्यानं ओलांडली आणि पुढे गेला. काफिला आला, गेला, मागे राहिलेली एक गाडी आली, तीही गेली. काटा वरच थांबला होता. बोनेटमधून काही आलं नाही. मी गियर टाकला, वारा लागला आणि काटा सावकाश खाली उतरला. त्या रस्त्यावर मी मोठ्यानं ओरडले. ऐकायला कोणी नव्हतं, नव्या राजधानीची ही सोय होती.

दोन उन्हाळे असे गेले. पानवाल्यानं बादली भरणं सोडलं. नवऱ्यानं शब्दाची आठवण काढली नाही.

मग नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद चौबे कॉलनीत राहते. नवरीचा धाकटा भाऊ नव्या राजधानीत कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर होता. मराठी बरंचसं समजतं, बोलायची वेळ आली की हिंदी. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामी, दीदी को हॉल तक आपकी गाडी में ले चलते हैं. फूल-वूल लगाके. एकदम विंटेज लुक आएगा."

ज्या गाडीला सगळं घर कंडम म्हणत होतं, तिला असं नवं विशेषण मिळालेलं बघून मी हुरळले. म्हटलं, "ने. पण चालवणार मी."

"अरे, बिलकुल मामी."

आदल्या दिवशी त्यानं गाडी नेली. धुतली, पुसली, झेंडू लावला, चाकांना काळा रंग मारला. लग्नाच्या दिवशी सकाळी मी नवरीला मागे बसवलं आणि निघाले. पुढे बॅन्ड होता, त्यामुळे आम्ही चालत्या माणसाच्या वेगानं जात होतो. मला काळजी नव्हती. मी तर आरशात आकाश बघत होते.

चौकात शिटी वाजली. कुठलेसे मंत्री दुसऱ्या कुठल्याशा लग्नाला चालले होते. बॅन्ड थांबला, आम्ही थांबलो. काटा चढला. चढू दे, म्हटलं.

"मामी," मागून नवरी म्हणाली, "धुआं निकल रहा है."

झेंडूच्या माळांतून वाफ येत होती. पांढरी, जोरदार, जुन्या दिवसांसारखी. पाचच मिनिटांत लोक पाणी घेऊन आले. मी बोनेटसमोर हात पसरून उभी राहिले, अगदी शिपायासारखी, आणि ओरडत होते, "नको! पानी नहीं!" लोकांना वाटलं, बाईंना ऊन लागलं. नवरीनं शालू खोचला, एका मावसभावाच्या स्कूटरवर बसली आणि हसत हॉलकडे गेली. मुहूर्त चुकला नाही. सगळ्या वऱ्हाडासमोर, बॅन्डसमोर, माझ्या नवऱ्यासमोर गाडी उकळली होती.

वाफ ओसरून गाडी निवल्यावर मी टोपी उघडली. आत बोट घातलं, चोळलं. पाणी. पातळ, नळाचं.

भाचा समोरच उभा होता, फेटा बांधलेला. "यात पाणी कुणी घातलं?"

"मैंने, मामी." तो अभिमानानं म्हणाला. "अंदर का पानी एकदम गंदा था, तेल जैसा चिकना. नीचे का नल खोलके पूरा निकाल दिया, नाली में. फिर ताजा डाला."

"पाटी नाही वाचलीस?"

"वाचली ना!" हा एवढा एक मराठी शब्द तो बोलला. "उसी में तो लिखा था. पानी डालो, नये."

मी पाटी पुन्हा वाचली. पाणी घालू नये. त्यानं घालूचं डालो केलं होतं, आणि नये म्हणजे हिंदीतलं नवं.

"नये पाणी?" मी म्हटलं. "नये पाणी असं कुणी म्हणतं का?"

"मुझे लगा मराठी में ऐसे ही बोलते होंगे," तो बिचारा म्हणाला. "आपने लिखा था, तो मैंने सोचा जरूरी होगा."

त्याच्यावर रागावता येईना. माझ्या लहानपणी आमच्या घरातली प्रत्येक सूचना नये वर संपायची. उंबऱ्यावर बसू नये, तिन्हीसांजेला झोपू नये. त्याच्या लहानपणी त्याच्या घरात ती कुणी म्हटली नसणार. आम्हीच म्हटली नव्हती.

मिस्त्रीनं दोरीनं गाडी ओढून नेली, गढूळ मिश्रण काढलं, पुन्हा हवा मारून आतलं कोरडं केलं आणि ती आमच्या दारात आणून लावली. इंजिनाला काही झालं नव्हतं. पण कूलंट नव्हतं आणि पाणी मी घालू देत नव्हते, त्यामुळे ती हलू शकत नव्हती. दारात उभ्या असलेल्या गाडीवर वाळलेला झेंडू लटकत होता. कंडम हा शब्द तिला त्या आठवड्यात तरी शोभत होता.

रविवारी कबाडीवाला आला. नवऱ्यानं बोलावलं होतं. लपवलं नव्हतं, आदल्या दिवशी जेवताना सांगितलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. शब्द माझाच होता.

मी उत्तर तयार केलं होतं, आणि ते चांगलं होतं. उकळलं ते पाणी. माझ्या गाडीत पाणी नसतंच, तेव्हा उकळली ती माझी गाडी नव्हे. पुन्हा, आपलं ठरलं होतं ते गाडीच्या दोषाबद्दल, भाच्याच्या व्याकरणाबद्दल नव्हे. सकाळभर मी त्यातलं एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं.

कबाडीवाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर थाप दिली. "बॉडी भारी है," तो म्हणाला. "पुराना लोहा है, अच्छा लोहा है. चाबी?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "तू शब्द दिला होता ना," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळे माझी सगळी तयार वाक्यं मला अचानक कमानीवरच्या मजकुरासारखी वाटली.

"दिला होता," मी म्हटलं. "मोडतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे मोडतेय. मी शब्द दिला होता, आणि मी तो पाळणार नाही. गाडी देणार नाही."

तो भांडणाच्या तयारीनं उभा होता आणि भांडायला काही उरलं नव्हतं. मी कारण दिलं असतं तर त्यानं ते खोडलं असतं. एवढी वर्षं आमचं तसंच चाललं होतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

कबाडीवाला दोघांकडे बघत होता. "तो भैया, मैं कब आऊं?"

"मत आओ," मी म्हटलं.

"मैडम, पुरानी चीज है. आज नहीं तो कल—"

"उद्या पण नको."

त्यानं खांदे उडवले, हातगाडी वळवली आणि आरोळी देत गल्लीच्या टोकाशी दिसेनासा झाला. नवरा गाडीजवळ गेला. वाळलेल्या झेंडूची एक माळ त्यानं ओढून काढली, मग दुसरी. बोनेट उघडून टोपीला बांधलेली पाटी वाचली. हिंदीत लिही म्हटलं होतं, हे तो आता म्हणेल म्हणून मी वाट बघत होते.

"त्या नागपूरवाल्याले फोन करा लागन," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"सकाळीच केला," मी म्हटलं.